लहरी गाडी कीं लपलेला दोष?

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, वैद्याच्या दारांत पाऊल पडतांच तीं पळून जातात. रात्रभर ठणकणारी दाढ दवाखान्याच्या बांकावर बसल्याबरोबर शांत होते, आणि "कोठें दुखतें?" या प्रश्नास उत्तर देतांना रोग्यासच ओशाळल्यासारखें होतें. मोटारगाडीलाही अशीं दुखणीं जडतात. सकाळीं अंगणांत ती निपचित पडून राहते. मेस्त्रीला बोलावून आणावें, तर त्याच्या देखत पहिल्याच किल्लीला सुरू होऊन मालकास खोटें पाडते. दुसऱ्याच्या हातून आलेल्या, वापरलेल्या गाडीच्या बाबतींत हा अनुभव पुष्कळ कुटुंबांस येतो. मग घरांत मतें पडूं लागतात. कोणी म्हणतो गाडीच लहरी, कोणी म्हणतो विकणाऱ्यानें फसविलें, कोणी म्हणतो घेतांना मुहूर्त पाहावयास हवा होता. आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, येणारा-जाणारा दोष लहरी नसतो. त्याच्या येण्याजाण्यास नियम असतो, आणि तो नियम हुडकण्याचें काम मेस्त्रीपेक्षां घरांतील माणसांसच अधिक चांगलें साधतें.

गेल्या पावसाळ्यांत ठाणें जिल्ह्यांतील सापगांव येथें एका स्नेह्यांकडे आमचें जाणें झालें. शहापुराहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातसा नदीच्या कांठीं हें गांव आहे. वरच्या अंगास भातसेचें मोठें धरण. त्याचें पाणी मुंबईस जातें, आणि दरवाजे उघडण्याची वेळ आली म्हणजे कांठच्या गांवांस सावध राहण्याचा इशारा मिळतो. पाऊस सह्याद्रीच्या पायथ्याचा. चार महिने ओल, चिखल आणि दमट हवा यांतच काढावयाचे.

स्नेह्यांचें घर एकत्र कुटुंबाचें. वडील निवृत्त शिक्षक. त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें, ज्यास डायलिसिस म्हणतात ती रक्तशुद्धि करविण्यासाठीं त्यांस आठवड्यांतून दोनदां कल्याणास न्यावें लागतें. आसनगांवचें स्टेशन जवळ आहे, लोकल गाड्याही आहेत. परंतु चार तास सुईला जखडून राहिलेला वृद्ध मनुष्य परततांना गर्दीच्या डब्यांत चढूं शकत नाहीं. म्हणूनच तीन वर्षांपूर्वीं या मंडळींनीं एक वापरलेली लहान गाडी घेतली. दोघेही मुलगे नोकरीनिमित्त पहाटेच बाहेर पडतात, तेव्हां सासऱ्यांस नेण्याआणण्याचें काम धाकट्या सूनबाईंनीं आपल्याकडे घेतलें आहे.

दोन वर्षें गाडी नीट चालली. मग तिला हें येणारें-जाणारें दुखणें लागलें. किल्ली फिरवावी, तर सेल्फचा नेहमींचा घरघराट न होतां नुसता 'टक्' असा आवाज व्हावा. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवीत राहिलें कीं दहापंधरा मिनिटांनीं ती एकदम सुरू व्हावी, आणि मग आठ-आठ दिवस कांहीं तक्रार नसावी. प्रथम नवी बॅटरी झाली. चार दिवस बरे गेले, पांचव्या दिवशीं पुन्हा 'टक्'. मग सेल्फ उतरवून दुरुस्त करविला. दहा दिवस बरे गेले, मग पुन्हा तेंच. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, तर ती कावळ्याच्या भारानें मोडली असें ठरत नाहीं. आपल्या नैयायिकांनीं त्यासच काकतालीय न्याय म्हटलें आहे. दोष आपल्या वेळेनुसार दडून बसला होता, आणि श्रेय मात्र नव्या बॅटरीस मिळालें. पैसे गेले तें गेलेंच, पण त्यापेक्षां वाईट हें कीं, दोष गेला असें समजून सर्वजण निर्धास्त झाले.

आषाढांतल्या एका सकाळीं वडील मागच्या बैठकीवर शाल पांघरून बसले होते, डब्याची पिशवी मांडीवर होती, आणि गाडी हलेना. पाऊण तास गेला. अखेर शेजाऱ्यांच्या दुधाच्या टेंपोतून त्यांस मोठ्या रस्त्यापर्यंत नेलें, तेथून रिक्षा केली. कल्याणास पोंचेपर्यंत त्यांचें यंत्र दुसऱ्या रोग्यास दिलें गेलें होतें. संध्याकाळपर्यंत ताटकळावें लागलें. त्या रात्रीं जेवण न करतां ते मुलांना म्हणाले, "मला आतां आठवड्यांतून एकदां नेलेंत तरी पुरे. तुमची ओढाताण माझ्यानें पाहवत नाहीं." ज्यांचीं मूत्रपिंडें काम करीत नाहींत त्यांची पाळी चुकली, तर अंगांत पाणी सांचतें, रक्तांतील पोटॅशियम वाढतें आणि त्याचा आघात हृदयावर होतो. डॉक्टरांनीं हें सर्वांना बजावलेलें होतें. गाडीच्या एका 'टक्'मधून म्हातारा मनुष्य आपल्या आयुष्याचा हिशेब कमी करूं लागला होता. दाराआड उभ्या असलेल्या सूनबाईंनीं तें ऐकलें, आणि दुसऱ्या दिवशीं मुलाच्या दप्तरांतील एक कोरी वही काढून तिच्यावर रकाने आंखले.

वहीचें महत्त्व कळण्यासाठीं वाचकांनीं हिंवतापाचें उदाहरण आठवावें. एक दिवसाआड येणारा तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा चातुर्थिक असे ज्वराचे भेद आपल्या वैद्यांस फार पूर्वींपासून ठाऊक होते. मधल्या दिवशीं रोगी हिंडतो, फिरतो, जेवतो. म्हणून तो बरा झाला असें मात्र नव्हे. १८८० सालीं लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांस रोग्याच्या रक्तांत या ज्वराचे जंतु दिसले, आणि १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांस सिकंदराबाद येथें ते डांसाच्या पोटांत सांपडले. जंतूंची वाढ पुरी होऊन रक्तांतील तांबड्या पेशी फुटल्या म्हणजे ताप चढतो, आणि या वाढीस जातीप्रमाणें सुमारें ४८ किंवा ७२ तास लागतात. कारण अंगांत सततच होतें. दर्शन तेवढें वेळेवर घडत असे. गाडीच्या दोषाचेंही असेंच आहे. उष्णता, ओल, धक्का आणि विजेचा भार, या चारांपैकीं कोणती तरी गोष्ट जुळून आली म्हणजे तो प्रकट होतो. कोणती गोष्ट जुळली, तें शोधावयाचें.

सूनबाईंच्या वहींत तारीख, वेळ, पाऊस, आदल्या दिवशीं कोणत्या रस्त्यानें गेलों, दिवे कसे होते, आणि शेवटीं 'इतर' असे रकाने होते. गाडी नीट सुरू झाली तरी नोंद करावयाची, हा नियम त्यांनीं पहिल्या दिवसापासून पाळला. आमच्या मतें सर्वांत मोलाची गोष्ट हीच. बिघडलेले दिवस सारेच लिहितात. न बिघडलेले दिवस लिहिल्यावांचून तुलना होत नाहीं. तर्कशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात ते हेच. जेथें कारण तेथें कार्य, हा अन्वय. कारण नाहीं तेथें कार्यही नाहीं, हा व्यतिरेक.

सहा आठवड्यांत गाडी चार वेळां अडली. चारही वेळां आदल्या संध्याकाळीं ती मळ्याकडच्या कच्च्या, खांचखळग्यांच्या रस्त्यानें गेली होती आणि रात्रीं पाऊस झाला होता. नुसता पाऊस झाला पण गाडी डांबरी रस्त्यानेंच आली, अशा सकाळीं तिनें त्रास दिला नाहीं. पाऊस नसतांना कच्च्या रस्त्यानें आली, तेव्हांही नाहीं. दिव्यांच्या रकान्यांत चारही वेळां 'झगझगीत' असा शब्द होता. आणि 'इतर' या रकान्यांत एक वाक्य चारदां आलें होतें: "सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटरचें पेडल जड लागलें." हें त्यांनीं घरांत पूर्वीं दोनतीनदां बोलूनही दाखविलें होतें. सवय नसेल, असें म्हणून तें सोडून देण्यांत आलें होतें.

शहापूरच्या बाजारांतील एका वायरमनला ही वही दाखविली. त्यानें गाडीकडे पाहण्यापूर्वीं वही दोनदां वाचली, आणि म्हणाला, "ताई, पुढच्या वेळीं अडली कीं फोन करा. किल्ली पुन्हा फिरवूं नका, बॉनेटला हात लावूं नका. मी येतों." हा शहाणपणा आम्हांस फार आवडला. अडलेली गाडी ढकलून, हलवून, तारा ओढून सुरू केली कीं सुरू होते, परंतु पुरावाही त्याबरोबर नाहींसा होतो.

त्याला काय सुचलें होतें, हें समजण्यासाठीं गाडींतील विजेची वाट थोडक्यांत सांगितली पाहिजे. वीज बॅटरीच्या धन टोंकापासून निघून ऋण टोंकापाशीं परत आली तरच काम करते. घरांतील दिव्यास जाण्याची एक व येण्याची एक अशा दोन तारा असतात. मोटारींत मात्र पुष्कळ ठिकाणीं एकच तार दिसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. वायरमन लोक यासच 'बॉडी अर्थ' म्हणतात. आतां इंजिन हें रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज वाहत नाहीं. म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी किंवा जाड तार बोल्टनें जोडलेली असते. इंजिनाला चिकटलेल्या सेल्फची वीज परत येते ती याच पुलावरून.

पूर्वीं गाडी सुरू करण्यासाठीं पुढें लोखंडी दांडा घालून हातानें फिरवावा लागे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा सेल्फ आला आणि मनगटांची ती मेहनत वांचली. परंतु गाडींत क्षणभर सर्वांत अधिक वीज खाणारें यंत्रही तेंच ठरलें. लहान गाडीचा सेल्फ १०० ते १५० ॲम्पिअर प्रवाह ओढतो. जॉर्ज ओम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें प्रवाहास रोधानें गुणलें म्हणजे वाटेंत खर्च होणारा दाब निघतो. सांध्यांत एक ओमच्या शंभराव्या हिश्शाइतकाच रोध असला, तर १५० ॲम्पिअरच्या सेल्फसाठीं दीड व्होल्ट वाटेंतच जातो. त्याच सांध्यांतून अर्धा ॲम्पिअर घेणारा छोटा दिवा लावला, तर पांच हजारांश व्होल्टदेखील जेमतेम जातो, आणि दिवा लख्ख पेटतो. यावरून "दिवा लावून पाहिला, अर्थ ठीक आहे" या परीक्षेची किंमत कळेल. पायवाटेवरून एक मनुष्य सुखानें जातो. वरात जाऊं शकत नाहीं.

दिवे झगझगीत होते याचाही अर्थ आतां लागतो. बॅटरी दुबळी असती, तर सेल्फनें ओढ घेतांच दिवे मंदावले असते. ते मंदावले नाहींत, म्हणजे बॅटरींत वीज आहे, पण सेल्फपर्यंतची ये-जा कोठें तरी अडली आहे. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा बॅटरी बदलण्याचा प्रकार झाला होता.

पांचव्या वेळेस गाडी अडली, आणि वायरमन अर्ध्या तासांत मोटारसायकलवरून हजर झाला. त्यानें गाडी न्यूट्रलमध्यें आहे व हातब्रेक लागला आहे हें पाहिलें, मल्टिमीटर काढला आणि सूनबाईंस किल्ली फिरविण्यास सांगून एकेका टप्प्यावरचा दाब मोजला. बॅटरीच्या दोन टोंकांमध्यें १२ व्होल्टांहून अधिक. म्हणजे बॅटरी ठणठणीत. ऋण टोंक आणि सांगाडा यांमध्यें जवळजवळ शून्य. म्हणजे ती तार चांगली. सांगाडा आणि इंजिन यांमध्यें मात्र ८ व्होल्ट! तेथें एकदशांश-दोनदशांशाहून अधिक दाब खर्च होतां कामा नये. सेल्फच्या वांट्यास जेमतेम ४ व्होल्ट येत होते. तितक्यांत तो 'टक्' करण्यापलीकडे काय करणार? मग त्यानें बॅटरीच्या ऋण टोंकापासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत एक जाड जंपर केबल तात्पुरती लावली. पहिल्याच किल्लीस गाडी सुरू झाली.

पट्टी वरून अखंड दिसत होती. बोल्ट काढल्यावर खालीं तांबूस गंजाचा थर निघाला, आणि पट्टीच्या बऱ्याच तारा टोंकापाशीं तुटलेल्या आढळल्या. कच्च्या रस्त्यावरील धक्क्यांनीं सांधा हले, रात्रींच्या ओलीनें उघड्या पडलेल्या धातूवर गंज धरे, आणि सकाळीं वाट बंद. वारंवार किल्ली फिरविल्यानें इंजिन रबरावर किंचित् हेलकावे, आणि एखाद्या हेलकाव्यासरशीं धातूला धातू लागे. म्हणून ती पंधरा मिनिटांनीं सुरू होई. आणि पेडल? परतीची मुख्य वाट बंद झाल्यावर वीज स्वस्थ बसली नाहीं. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी दुसरी धातूची वस्तु म्हणजे ॲक्सिलरेटरची केबल. प्रवाह तिच्यातून वाट काढी, ती बारीक तार तापे, आंतलें अस्तर मऊ होऊन तार चिकटे, आणि पेडल जड लागे. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, असें झालें होतें. ज्या वाक्यानें पहिल्याच महिन्यांत दोष सांपडला असता, तें वाक्य घरांत बोललें गेलें होतें. कोणी ऐकलें मात्र नव्हतें.

गंज घांसून काढला, नवी पट्टी आवळून बसविली, वर पेट्रोलियम जेलीचा हात दिला, दुखावलेली केबलही बदलली. पुन्हा मोजलें तेव्हां ८ व्होल्टांच्या जागीं एकदशांश भरला. तरी सूनबाईंनीं वही मिटली नाहीं. पावसाळी संध्याकाळीं मुद्दाम मळ्याकडून फेरी मारून त्यांनीं पुढें सहा आठवडे नोंदी ठेवल्या, आणि 'टक्' एकदांही उमटला नाहीं. दोष दिसेनासा झाला म्हणजे दुरुस्ती झाली असें नव्हे. कारण डोळ्यांनीं पाहिलें, मोजमाप बदललें, आणि पूर्वींची परिस्थिति पुन्हा आणूनही दोष आला नाहीं, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे दुरुस्ती सिद्ध झाली असें समजावें.

प्रत्येक गाडीचा दोष येथेंच असेल असें नाहीं; शोधण्याची रीत मात्र तीच. तासभर चालल्यावर तापून बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी बहुधा एखाद्या सेन्सरकडे, रिलेकडे किंवा तडकलेल्या डाखाकडे बोट दाखविते. खड्ड्यांत दिवे मिचकावत असतील, तर ढिला कपलर पाहावा. एका रात्रींत बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद करून कांहीं वेळ जाऊं दिल्यावर किती वीज झिरपते तें मोजावें. साधारणपणें ५० मिलिॲम्पिअरपर्यंत चिंता नसते, पण अर्धा ॲम्पिअर झिरपला तर दिवसास १२ ॲम्पिअर-तास जातात, आणि ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. पावसाळ्यांत उंदीर उबेसाठीं बॉनेटखालीं येऊन तारा कुरतडतात, तेंही विसरूं नये. आजच्या गाड्यांतील संगणकास यंत्र लावून दोषाचा अंक वाचतां येतो. परंतु तो अंक वेदना कोठें जाणवली तें सांगतो, काटा कोठें आहे तें नेहमींच सांगत नाहीं.

वापरलेली गाडी घेतांना पुराची शंका अवश्य घ्यावी. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या पावसानें सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद केली. जुलै २०१९ मध्यें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकली आणि सुमारें एक हजार प्रवाशांस बाहेर काढावें लागलें. आपल्या भागांत गाड्या बुडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करतां येते, पण कपलरांच्या आंत शिरलेलें गढूळ पाणी महिन्यांनीं हिरव्या बुरशीसारखा गंज होऊन बाहेर येतें. फ्यूजच्या पेटींत, बैठकीच्या रुळांखालीं आणि गालिच्याच्या तळाशीं गाळ आहे काय, तें पाहावें. चिकटपट्ट्या गुंडाळून जोडलेल्या तारा दिसल्या, तर त्या कशासाठीं जोडल्या तें विचारावें.

दोन सूचना जिवाच्या आहेत. बॅटरी सोडतांना ऋण टोंक आधीं काढावें व जोडतांना शेवटीं जोडावें; हातांतील अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्या आणि जवळ विस्तव नेऊं नये, कारण बॅटरींतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. आणि वितळलेल्या फ्यूजच्या जागीं मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधींही घालूं नये. फ्यूज वितळला तर पांच रुपयांचें नुकसान होतें. तो वितळला नाहीं तर गाडी पेटते.

आम्ही निघालों तेव्हां ती वही बैठकीच्या खोलींत टेबलावर होती. मागच्या बाजूनें उलटी धरून तींत नवे रकाने आंखलेले दिसले: मामंजींचें रोजचें वजन, रक्तदाब, दिवसभरांत घेतलेलें पाणी. कल्याणचे डॉक्टर हल्लीं आधीं ती वही मागतात, असें वडिलांनीं आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें. आठवड्यांतून एकदांच जाण्याची गोष्ट त्यांनीं पुन्हा काढलेली नाहीं. त्या दिवशीं गुरुवार होता, त्यांची पाळी होती. सूनबाईंनीं किल्ली फिरविली, गाडी सुरू झाली, आणि मागच्या बैठकीवरून वडिलांनीं विचारलें, "पेडल कसें आहे, सूनबाई?"

"हलकें आहे, मामंजी," त्या म्हणाल्या, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.